मामाच्या लेव्हल्स नव्या 'चिप्स चॅलेंज'मध्ये मोडतायत. लेव्हल दुरुस्त करू का?

मिरजेची भाची:

नमस्कार मंडळी. इथं जुन्या गेम्सवर बोलणारे बरेच जण दिसतात म्हणून विचारते. थोडं लांबण लागेल, आधीच सांगते.

माझा मामा मिरजेला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होता. १९९७ साली त्यानं हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला, विंडोज ९५वाला, आणि कुणीतरी त्यावर फ्लॉपीतून 'चिप्स चॅलेंज' टाकून दिला, चिप नावाच्या पोराला चौकटींच्या नकाशातून वाट काढत न्यायचा कोड्यांचा गेम. मामी म्हणायची, सवत आणली घरात. १४९च्या १४९ लेव्हल्स त्यानं संपवल्या. पासवर्डांची वही अजून आहे, पहिल्या पानावर बीडीएचपी, जेएक्सएमजे, ईसीबीक्यू असं एकाखाली एक, आरक्षणाचा तक्ता लिहावा तसं, आणि प्रत्येकापुढं किती सेकंद उरले ते लाल पेननं.

लेव्हल्स संपल्यावर माणूस गप्प बसेल तर तो मामा कसला. चिपएडिट नावाचा एडिटर कुठूनसा मिळवला आणि २००३ ते २००६ मध्ये स्वतःच्या ३७ लेव्हल्स केल्या. सगळ्या रेल्वेच्या. 'फाटक', 'शंटिंग', 'वेटिंग लिस्ट ४१२', 'कुर्डुवाडीचा चहा'. पासवर्ड म्हणून स्टेशनांचे कोड. कोड बहुतेक तीन अक्षरी आणि पासवर्ड चार अक्षरी लागतो, म्हणून पुढं एक एक्स. मिरज म्हणजे एमआरजेएक्स. सुट्टीत आम्ही भावंडं त्याच्या मागं उभं राहून ओरडायचो आणि तो मुद्दाम चुकीच्या बाजूला वळायचा.

मामा २०१९ मध्ये गेला. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत मामीला माळ्यावर एक सीडी सापडली, वर स्केचपेननं 'लेव्हल. पुसू नये.' आत एकच फाइल, मामा डॉट डीएटी. सीडीला चरे होते पण फाइल पूर्ण उतरली.

माझ्या मुलाकडे (वय १३) स्टीमवरचा (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) 'चिप्स चॅलेंज' आहे, २०१५ मध्ये पुन्हा विकायला आला तो. त्यानं नेटवरून एक टूल घेऊन ती डीएटी फाइल नव्या गेमच्या सी२एम फाइल्समध्ये बदलली. उघडली की! पहिल्या १३ लेव्हल्स छान चालल्या, मी आणि आई मागं बसून ओरडत होतो. मग १४वी आली, 'मिरज जंक्शन', आणि तिथून सगळं बिघडलं.

'मिरज जंक्शन'मध्ये वरच्या बाजूला तीन लाल बटणं आहेत आणि खाली तीन क्लोन मशीन, बटण दाबलं की गेममधले प्राणी बाहेर सोडणारी. डावीकडच्यातून टँक निघतो, मधल्यातून फायरबॉल, उजवीकडच्यातून ग्लायडर. एकेकाळी मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही गाड्या यायच्या, त्याची ही गंमत. ग्लायडर पाण्यावरून जाऊन एक बॉम्ब उडवतो, फायरबॉल आगीतून जाऊन दुसरा, टँक सरळ जाऊन तिसरा. बॉम्ब उडाले की वाट मोकळी. आता कुठलंही बटण दाबा, डावीकडचा टँकच निघतो. दहा वेळा दाबलं, दहा टँक. लेव्हल संपूच शकत नाही.

दुसरी २१वी, 'तिकीट खिडकी'. एका बोळात १३ गुलाबी बॉल रांगेत उभे आहेत. मला पक्कं आठवतं, मामाच्या कॉम्प्युटरवर ते हलायचे नाहीत. रांगच ती. आपण त्यांच्या कडेकडेनं जायचं, धक्का लागला की मेलो. नव्या गेममध्ये लेव्हल सुरू झाली की तेराही जण बोळात धावत सुटतात आणि दोन सेकंदांत चिपला चिरडतात. मुलगा म्हणाला, आई, तुझ्या मामाची रांग फारच खरी आहे.

आता घरात दोन पक्ष आहेत. मुलगा म्हणतो, एडिटर आहे, मी दुरुस्त करतो, अर्ध्या तासाचं काम. आई म्हणते, दादाच्या वस्तूला हात लावायचा नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथं आले. चूक मामाच्या फाइलमध्ये आहे, बदलणाऱ्या टूलमध्ये आहे, की नव्या गेममध्ये?

रात्रपाळी:

नव्या गेममध्ये, दुसरं काय. जुनं नाव, जुनं चित्र, पैसे पुन्हा घ्यायचे आणि आत काहीतरी भलतंच भरायचं. ताई, मूळचाच गेम चालवा की. मायक्रोसॉफ्टच्या एंटरटेनमेंट पॅकमधला.

मिरजेची भाची:

तो प्रयत्न झाला. मामाच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क केव्हाच भंगारात गेली, पण गेम एका जुन्या सीडीवर निघाला. माझ्या लॅपटॉपवर डबल क्लिक केलं तर 'हे तुमच्या पीसीवर चालणार नाही' इतकंच म्हणतो.

हेक्सवाला:

तो १६ बिटचा प्रोग्राम आहे. ६४ बिट विंडोजनं १६ बिटवाल्यांना घराबाहेर काढलंय. त्याला वाटा आहेत, पण त्या नंतर.

आधी तुमच्या प्रश्नाकडे. फाइलमध्ये चूक नाही. नव्या गेममध्येही नाही. टूलबद्दल थोडं बोलता येईल, पण त्याच्याही हातात फार नव्हतं.

'मिरज जंक्शन'चं निदान तुम्हीच लिहून टाकलंय: कुठलंही बटण दाबा, डावीकडचाच निघतो. डीएटी फाइलमध्ये प्रत्येक लेव्हलच्या नकाशाखाली काही नोंदी असतात. त्यातली ५ नंबरची नोंद म्हणजे लाल बटण आणि क्लोन मशीन यांच्या जोड्या. या बटणाचा आडवा-उभा आकडा, त्या मशीनचा आडवा-उभा आकडा. कुणाचंही बटण कुणालाही जोडा, मुभा आहे. ४ नंबरमध्ये तसंच तपकिरी बटणं आणि सापळे.

नव्या गेममध्ये ही यादीच नाही. तिथं नियम एकच: बटणापासून पुस्तक वाचतो तसं वाचत जायचं, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, आणि जे पहिलं मशीन लागेल ते त्या बटणाचं. शेवटापर्यंत काही लागलं नाही तर पुन्हा वरून. तुमची तिन्ही बटणं वर, तिन्ही मशीन खाली एका ओळीत. तिन्ही बटणांपासून वाचत आलं की पहिलं लागतं डावीकडचं. म्हणजे टँक.

फाइल पाठवू शकाल का? ती तुमच्या मामांचीच निर्मिती आहे, तिची काही अडचण नाही. 'तिकीट खिडकी'बद्दल मला शंका आहे, पण नोंदी बघितल्याशिवाय बोलत नाही.

नियंत्रक:

मामांची फाइल इथं जोडायला हरकत नाही. मूळ गेमची चिप्स डॉट डीएटी मात्र कुणीही इथं टाकू नये, मागूही नये. त्या लेव्हल्सवर हक्क आहेत आणि त्या स्टीमवर पुन्हा विकायला आल्या आहेत. फुकट संच हवा असेल तर २०१४चा सीसीएलपी१ आहे, चाहत्यांनी केलेल्या १४९ लेव्हल्स, मोकळेपणानं वाटता येतात. तो बांधलाच त्यासाठी होता.

मिरजेची भाची:

फाइल जोडलीय. एक सांगायचं राहिलं. 'तिकीट खिडकी'मध्ये नकाशाच्या अगदी वरच्या टोकाला एक बंद खोली आहे, चारी बाजूंनी भिंत, आत बॉलच बॉल खचाखच. तिथं जाताच येत नाही. मामाला विचारलं होतं तेव्हा म्हणाला, 'जनरल डबा'. आम्ही हसलो. गंमत म्हणून केली असावी, दुरुस्त करताना काढून टाकली तरी चालेल असं मुलाचं म्हणणं.

हेक्सवाला:

काढू नका!!

थांबा, सविस्तर लिहितो. जेवून येतो.

रात्रपाळी:

हा माणूस नेहमी इथंच जेवायला जातो.

हेक्सवाला:

आलो. आधी सोपं.

'मिरज जंक्शन', ५ नंबरची नोंद, जशी फाइलमध्ये आहे तशी, हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायावरचे आकडे): ०५ १८, आणि मग पहिली जोडी ०४ ०० ०५ ०० १बी ०० १४ ००. ०५ हा नोंदीचा नंबर. १८ ही लांबी हेक्समध्ये, म्हणजे २४ बाइट, आठ-आठच्या तीन जोड्या. पहिली जोडी वाचा: बटण आडवं ४, उभं ५. मशीन आडवं २७, उभं २०. म्हणजे सगळ्यात डावीकडचं बटण सगळ्यात उजवीकडच्या मशीनला. मधलं डावीकडच्याला, उजवीकडचं मधल्याला. मामांनी मुद्दाम उलटसुलट जोडलंय. घोषणा एक नंबरला, गाडी तीन नंबरला.

(पासवर्डही पाहिला. तो फाइलमध्ये सरळ लिहिलेला नसतो, प्रत्येक अक्षर हेक्स ९९शी एक्सऑर करून (म्हणजे काही बिट उलटवून) ठेवतात. एमआरजेएक्सचं झालंय डी४ सीबी डी३ सी१. उलटं फिरवून मिरज निघालं तेव्हा बरं वाटलं. मी सोलापूरचा, पण तरी.)

आता 'तिकीट खिडकी'.

मायक्रोसॉफ्टच्या गेममध्ये कुठले प्राणी हलणार याचीही यादी असते, १० नंबरची नोंद. नकाशावर बॉल काढला आणि यादीत त्याचं नाव नसलं तर तो जागचा हलत नाही. दिसतो, धक्का लागला तर मारतो, पण उभा. आता ही यादी किती मोठी होऊ शकते? नोंदीची लांबी एका बाइटमध्ये लिहायची, म्हणजे जास्तीत जास्त २५५. एका प्राण्याला दोन बाइट. २५५मध्ये दोन-दोन किती वेळा जातील? १२७.

मामांच्या फाइलमध्ये ती नोंद ०ए एफई अशी सुरू होते. एफई म्हणजे २५४. यादी काठोकाठ भरलीय. आणि 'जनरल डबा' १६ बाय ८ची खोली आहे, एका कोपऱ्यात भिंत. मोजा: १२८ वजा एक, १२७ बॉल.

त्यांनी खोलीत १२७ बॉल कोंबले. एकमेकांना खेटून असल्यामुळे त्यातला एकही हलू शकत नाही, चारी बाजूंना भिंत नाहीतर दुसरा बॉल. पण यादीतल्या सगळ्या जागा त्यांनी अडवल्या. नकाशात खाली असलेल्या १३ जणांना यादीत जागाच उरली नाही, म्हणून ते रांगेत उभे. डबा भरला, बाकीचे फलाटावर.

नव्या गेममध्ये अशी यादी नाही. प्राणी म्हटला की हलणारच. खोलीतले १२७ तिथंही गपगार आहेत, कारण त्यांना जागाच नाही. पण बोळातल्या तेरांना कुणी अडवणारं उरलं नाही.

हे त्यांना कुणी शिकवलं नसणार, चुकतमाकत सापडलं असणार. मी या फायली वीस वर्षं उचकतोय, पण याद्या भरायला डबा बांधलेला पहिल्यांदा पाहिला.

मिरजेची भाची:

दोन मिनिटं काही लिहिता आलं नाही मला. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'म्हणून तो मोजत होता.' ती म्हणे एकदा उन्हाळ्यात माहेरी गेली होती तेव्हा हा रात्री स्क्रीनला बोट लावून एकशे पंचवीस, एकशे सव्वीस करत बसलेला. तिला वाटलं ऑफिसचा हिशोब जुळत नाही.

लिंक्सवेडा:

छान धागा. पण रात्रपाळी, तुमच्या पहिल्या वाक्याला उत्तर द्यायलाच हवं. नव्या गेमनं 'आत भलतंच' भरलेलं नाही. उलट आहे.

'चिप्स चॅलेंज' जन्मला १९८९ मध्ये, अटारीच्या लिंक्स या हातातल्या यंत्रावर. केला चक सोमरव्हिलनं, एपिक्स कंपनीत. त्यात १४८ लेव्हल्स. आपण सगळ्यांनी खेळला तो १९९२चा, मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठी वेगळा लिहिलेला, १४९ लेव्हल्सचा. कल्पना तीच, लेव्हल्स जवळपास त्याच, पण आतलं इंजिन दुसरं. लिंक्सवर चिप एका घरातून दुसऱ्या घरात सरकत जातो, अधेमधे असतो. मायक्रोसॉफ्टच्यात तो या घरात असतो आणि पुढच्या क्षणी त्या घरात. एवढ्याशा फरकातून बर्फावर वळण्याची वेळ, ठोकळा ढकलायची वेळ, राक्षसाला चुकवायची वेळ सगळंच थोडं थोडं बदलतं.

सोमरव्हिलनं पुढं दुसरा भागही केला, पण नावाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले होते आणि तो भाग कैक वर्षं पडून राहिला. शेवटी २८ मे २०१५ला पहिला आणि दुसरा दोन्ही स्टीमवर एकत्र आले. त्यातला पहिला भाग दुसऱ्याच्या इंजिनावर चालतो, आणि ते इंजिन लिंक्सच्या वळणाचं. म्हणजे स्टीमवाला थोरल्या घरचा आहे. आपला लाडका तो चुलत.

मामा चुलत घराचे नियम शिकले आणि त्या नियमांच्या फटीत राहून लेव्हल्स बांधल्या. त्यात वाईट काहीच नाही. २००२ मध्ये चाहत्यांचा पहिला मोठा संच निघाला, सीसीएलपी२, तो असाच आहे. एका घरात दोन थर असतात ना, वरचा आणि खालचा, तर मायक्रोसॉफ्टच्या गेममध्ये दोन्ही थरांत वाट्टेल ते ठेवता येतं, भिंतीखाली बटणसुद्धा. त्यावर लोकांनी काय काय कोडी रचली! लिंक्सच्या नियमांत तो संच चालवायला पुढं वेगळी आवृत्ती बांधावी लागली. नंतरचा सीसीएलपी१ मुद्दाम दोन्ही नियमांत सुटेल असा केला. (हो, एक नंबरचा संच दोन नंबरच्या १२ वर्षांनी आला. मूळ गेमच्या जागी वाटता यावा म्हणून त्याला १ म्हटलं.)

रात्रपाळी:

बरं, मागं घेतो. पण पैसे दोनदा द्यावे लागले हे खरंच ना.

मिरजेची भाची:

हे सगळं कळलं, आणि आता प्रश्न आणखी अवघड झाला. मुलगा अजून म्हणतोय दुरुस्त करू. त्याला मित्रांना पाठवायच्यात, मित्रांकडे स्टीमवालाच आहे. काय सांगू?

हेक्सवाला:

दोन्ही करा, पण एका फाइलवर नाही.

पहिलं काम आजच: मामा डॉट डीएटी जशी आहे तशी तीन ठिकाणी ठेवा आणि तिला पुन्हा कुठल्याही एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. काही एडिटर सेव्ह करताना प्राण्यांची यादी स्वतःहून नव्यानं मांडतात. डब्यातला एक बॉल यादीतून सुटला आणि त्या जागी बोळातला एक शिरला, की रांग मोडली. तुम्हाला कळणारही नाही कुठं मोडली.

दुसरं, खेळायला टाइल वर्ल्ड घ्या, या डीएटी फायली चालवणारा प्रोग्राम. फुकट आहे, सोर्सही खुला आहे, आजच्या विंडोजवर आणि लिनक्सवर चालतो. त्यात दोन्ही नियम आहेत, एमएस (म्हणजे मायक्रोसॉफ्टचे) आणि लिंक्स. मामांची फाइल डेटाच्या फोल्डरमध्ये टाका आणि सेट्सच्या फोल्डरमध्ये डीएसी नावाची छोटी मजकूर फाइल करा, दोनच ओळी: पहिलीत फाइलचं नाव, दुसरीत रूलसेट (नियमसंच) एमएस. या दुसऱ्या ओळीत चूक करू नका. तीच सांगते की हा संच कुठल्या घरचा.

खुद्द मूळ लेव्हल्सनाही हा त्रास आहे बरं का. मायक्रोसॉफ्टची फाइल लिंक्सच्या नियमांत खेळायची असेल तर टाइल वर्ल्डला त्याच डीएसी फाइलमध्ये वेगळं सांगावं लागतं, मग तो काही नकाशे, काही प्राण्यांच्या याद्या आणि काही पासवर्ड चालता चालता बदलून घेतो. डिस्कवरच्या फाइलला हात लावत नाही. ही पद्धत मला आवडते.

तिसरं, प्रत्येक लेव्हल सुटली की टाइल वर्ल्ड तुमच्या चाली टीडब्ल्यूएस फाइलमध्ये जपून ठेवतो, कुठल्या क्षणी कुठलं बटण इथपर्यंत. ती फाइल डीएटीच्या शेजारीच ठेवा. उद्या कुणी नवं इंजिन आणलं आणि म्हणालं 'आमच्यात जुन्या लेव्हल्स चालतात', तर त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही, चाली लावून बघायच्या. मामांची 'तिकीट खिडकी' त्यात चिरडून मेली तर चालत नाहीत.

मुलाला स्टीमसाठी वेगळी आवृत्ती करू द्या. वेगळं नाव, 'मामा स्टीम' वगैरे. जंक्शनची बटणं हलवून भागणार नाही, ती जागेवर असण्यातच गंमत आहे. पण दुसऱ्या भागाच्या एडिटरमध्ये वायर आहेत. लाल बटणाऐवजी गुलाबी बटण ठेवायचं आणि वायर ओढून हव्या त्या मशीनला न्यायची. तोटा एकच, वायर जमिनीवर दिसते, कुठलं बटण कुणाचं ते न दाबताच कळतं.

रांगेसाठी प्रत्येक बॉलच्या चारी बाजूंना पातळ भिंती घाला. हलणार नाहीत. धक्का लागून मरायची भीतीही जाते, पण त्याला इलाज नाही.

लिंक्सवेडा:

आणि काहीच बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारा लेक्सीज लॅबिरिंथ बघा. डीएटी फाइल ओढून टाकली की चालते, आणि नियम निवडता येतात: लिंक्स, मायक्रोसॉफ्ट, स्टीम. एकेक नियम वेगळा चालू-बंदही करता येतो. मित्रांना लिंक पाठवायला बरा. पण 'तिकीट खिडकी'सारखी लेव्हल तिथं आधी स्वतः खेळून बघा, मग पाठवा. यादीचा हा काठ तिथं पाळतात की नाही, पैज लावणार नाही.

मिरजेची भाची:

रविवारचा वृत्तांत.

टाइल वर्ल्ड बसवला, डीएसी फाइल मुलानं केली. पहिल्यांदा रूलसेटच्या ओळीत त्यानं लिंक्स लिहिलं, आणि तेरा जण पुन्हा धावत सुटले. ओळ सुधारली आणि लेव्हल परत सुरू केली. तेराही उभे! मुलगा पाच मिनिटं नुसता त्यांच्याकडे बघत बसला. मग वरच्या डब्यातले बॉल मोजले. १२७ भरले.

'मिरज जंक्शन' मुलानं अकराव्या प्रयत्नात सोडवली. डावं बटण दाबलं आणि उजवीकडून ग्लायडर निघाला तेव्हा आई म्हणाली, 'बघ, दादाची गाडी.' वहीत मामाचे ८७ सेकंद उरलेत त्या लेव्हलला. मुलाचे १२ उरले. चाली सेव्ह झाल्या आहेत.

स्टीमसाठी त्यानं वेगळी आवृत्ती सुरू केलीय, वायरवाली. तिच्या माहितीत 'मूळ लेव्हल: आजीचा दादा' असं लिहिलंय. आईनं परवानगी दिली, पण अट घातली की नाव 'मिरज जंक्शन' ठेवायचं नाही. म्हणून ते 'मिरज जंक्शन (ब्रॉडगेज)' आहे.

एक बाकी राहिलं. ३७व्या लेव्हलमध्ये प्रश्नचिन्हावर उभं राहिलं की सूचना येते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय त्यानं: 'शेवटची गाडी आहे. घाई करू नकोस, मी थांबवून ठेवलीय.' आम्हाला ती अजून सुटलेली नाही. आईला बाणाच्या बटणांनी जमत नाही, ती माउसनं खेळते, आणि एमएस नियमांत माउस चालतो हे तिला कालच कळलं. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि बाहेरच्या खोलीतून क्लिक ऐकू येतायत.

हेक्सवाला:

सुटली की टीडब्ल्यूएस फाइल पाठवा. मला ती बघायचीय.